पावणेतीनची बांगडी

घोडेगावच्या आठवडे बाजाराला निघाले होते. बसमधून उतरताना शेवटच्या पायरीवरून पाय घसरला. हातात बांगड्यांची पेटी होती. दुसरी कुणी बाई असती तर तिनं पेटी टाकून दांडा धरला असता. मी पेटी उजव्या हातानं छातीशी आवळली आणि डावा हात जमिनीला दिला. लोकांनी उचलून बाकड्यावर बसवलं, कुणी पाणी आणलं, कुणी रिक्षाला हाक मारली, आणि मी काय केलं, तर पेटी उघडून बघितली. एकही बांगडी तडकली नव्हती. मनगट मात्र भलत्याच बाजूला वळलं होतं.

मण्याराच्या, म्हणजे बांगडीवाल्याच्या, घरातलं माणूस पडताना काच वर धरतं. याला शहाणपण म्हणत नाहीत हे मलाही कळतं, पण त्या क्षणी डोक्याला विचारायला वेळ नसतो. माझा मुलगा जुन्नरहून मोटारसायकल पळवत दवाखान्यात आला आणि त्यानं पहिलं काय विचारलं? "अम्मी, पेटी कुठाय?" तेव्हा मला एकटीलाच कुणी वेडी म्हणू नये.

जुन्नरात आमचं बांगड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. घरात आम्ही आमची हिंदी बोलतो, पण माझी शाळा मराठी, गिऱ्हाईक मराठी, भांडणंही सगळी मराठीतच झाली, म्हणून लिहितेय तेही मराठीत. दुकान पुरुषांनी सांभाळायचं आणि गावोगाव फिरून बायकांचे हात भरायचे ते घरातल्या बाईनं, अशी आमच्याकडची रीत. सासूनं मला सोबत घेऊन सगळी गावं दाखवली. पुढे ती थकली आणि पेटी माझ्याकडे आली.

प्लास्टर घालून घरी बसले तशी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो येई तो एकच वाक्य बोले, "नशीब, डावाच मोडला." पहिल्या काही जणांना मी चहा पाजला. मग मात्र माझं डोकं फिरलं. शेजारची एक बाई तेच बोलली तेव्हा तिला म्हटलं, "बस खाली. दे हात. आता तुला दाखवते डावा काय करतो ते." पण दाखवणार कशानं? तो तर कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

म्हणून इथे सांगते. लोकांना वाटतं बांगडी उजवा हात चढवतो. उजवा फक्त बांगडी धरून पुढे सरकतो, ते काम कुणालाही जमेल. खरं काम डाव्याचं. समोरच्या बाईचा हात आपल्या डाव्या पंजात घ्यायचा, तिचा अंगठा आत दुमडायचा, करंगळीच्या आणि अंगठ्याच्या मुळाशी जी हाडं उभी राहतात ती दोन्ही बाजूंनी दाबून आत घ्यायची. हात कळीसारखा मिटला की बांगडी त्याच्यावरून जाते. दाब कमी पडला तर बांगडी अडते, जास्त झाला तर बाई ओरडते आणि हात आखडून घेते. हे सगळं बोलता बोलता व्हायला पाहिजे. तिला मुलाचं विचारायचं, कांद्याचं विचारायचं, आणि ती उत्तर देईपर्यंत बांगडी मनगटावर.

सासूचा एक नियम होता. एकदा हातात घेतलेला हात रिकामा सोडायचा नाही. बांगडी अडली, फुटली, गिऱ्हाईक रडलं, काहीही झालं तरी निदान एक बांगडी चढल्याशिवाय हात सोडायचा नाही. फुटलेल्याचं नुकसान आपलं, पण रिकामा हात परत गेला तर ते दोघींना वाईट. माझ्या हातून कधी तसं झालं नव्हतं.

मी घरी बसल्यावर माझी सून पेटी घेऊन फिरायला लागली. पोरगी चांगली आहे, कामाला वाघीण. लोणीपासून निमगाव सावापर्यंत सगळीकडे जाऊन आली. पण ती समोरच्या बाईच्या हातावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवते आणि पिशवीवरून बांगडी सरकवते. पटकन होतं, दुखत नाही, फुटत नाही. मी फक्त तोंड वाकडं केलं, आणि ते तिला दिसलं.

एक दिवस मुलगा म्हणाला, "अम्मी, आता तू गल्ल्यावर बस. फिरून फिरून काय मिळतं? हल्लीच्या पोरी धातूच्या बांगड्या घेतात, आपल्या आपण घालतात. हात धरायला हवाच कुणाला?"

त्याचं चुकलं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. दुकानात पोरी येतात, आरशात बघतात, मोबाइलवर फोटो काढतात आणि जातात. पण गल्ल्यावर बसलेली बाई वस्तू विकते. मला वस्तू विकायच्या नव्हत्या. बाईचा हात आपल्या हातात असला की ती बोलते. नवऱ्याला सांगत नाही ते सांगते, आईला सांगत नाही ते सांगते. हात अडकलेला असतो, उठून जाता येत नाही, मग तोंड मोकळं होतं. कितीतरी गावांतल्या बायका मला चेहऱ्याआधी हातानं ओळखीच्या आहेत. ते सगळं सोडून मी सुट्टे पैसे मोजत बसावं असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, "हात बरा होऊ दे, मग बोलू." दुसऱ्या दिवशी गल्ल्यामागे माझ्यासाठी गादीची खुर्ची आली. त्या खुर्चीवर मी बसले नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा आतला हात माझा वाटेना. बारीक, पांढरट, कातडं सुटलेला, बोटं काठीसारखी ताठ. मूठ वळायला सांगितली तर बोटं निम्म्यात थांबली. अंगठा तर जागचा हललाच नाही. डॉक्टर म्हणाले हाड जुळलंय, आता व्यायाम. त्यांनी नारायणगावला एका दवाखान्याच्या माडीवर व्यायामाचं सेंटर आहे तिथे पाठवलं.

तिथली मॅडम माझ्या सुनेच्या वयाची. केस घट्ट बांधलेले, पायात बूट, आवाज मास्तरणीचा. माझा हात उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "मावशी, तुमचं काम काय?" मी सांगितलं. "करून दाखवा," ती म्हणाली आणि आपला हात पुढे केला. मी माझा तो मेलेला डावा पुढे केला आणि तिची हाडं कुठे दाबायची ते उजव्या बोटानं दाखवलं. तिनं नीट बघितलं, पुन्हा एकदा दाखवायला लावलं. 'नशीब डावा' हे शब्द तिच्या तोंडून आले नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे नुसता भांडं धरण्यापुरता हात करून भागणार नाही. कामाचा करावा लागेल. दुखेल, वेळ लागेल, आणि मी सांगेन तेवढंच करायचं, जास्त नाही." मी हो म्हटलं. शेवटच्या अटीला मी हो म्हणायला नको होतं, कारण ती पाळणं माझ्या स्वभावात नाही.

मग सुरू झालं. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडायची, मिटायची. तांदळाच्या बादलीत हात खुपसून तळाच्या गोट्या शोधायच्या. कपड्यांचे चिमटे बोटांच्या टोकांनी दाबून दोरीवर लावायचे, पुन्हा काढायचे. एक हिरवा रबरी लगदा होता, तो कणकेसारखा मळायचा. जन्मभर कणीक मळली आणि आता तिकीट काढून नारायणगावला येऊन हिरवी कणीक मळतेय, असं मनात येई आणि मी त्या लगद्यावर सगळा राग काढी. मॅडमचं एकच ध्येय. माझा अंगठा करंगळीच्या मुळाला टेकला पाहिजे. तो तर्जनीपर्यंत जायचा आणि तिथेच अडून बसायचा, हट्टी बैलागत.

त्याच खोलीत एक हमाल यायचा. निमगाव सावाचा, नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात कॅरेट उचलायचं काम. कमरेची गादी सरकलेली. उन्हाळ्यात टोमॅटोची आवक वाढते त्याआधी त्याला पुन्हा थप्पी लावण्याइतकं उभं राहायचं होतं. मॅडम त्याला कॅरेटमध्ये वाळूच्या पिशव्या भरून द्यायची आणि गुडघ्यात वाकून कसं उचलायचं ते शिकवायची. तो प्रत्येक वेळी उचलताना "आई गं" म्हणून असा ओरडायचा की खाली दवाखान्यातले पेशंट वर बघत.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, जरा हळू ओरडा. माझा हात घाबरतो."

तो कॅरेट खाली ठेवून म्हणाला, "भाभी, तुमी त्या चिमट्यांना शिव्या देता त्या मला ऐकू येत्यात. मी बोललो का काय?"

तेव्हापासून आमचं जमलं. तो ओरडे, मी शिव्या देई, आणि मॅडम दोघांनाही गप्प करी. बुद्धाला मानणारं घर त्याचं. बायको शेतावर मजुरीला, मुलगी कॉलेज करून मार्केटातच टोमॅटो निवडायला जाणारी. उन्हाळ्यात तिचं लग्न काढलं होतं. लग्नाआधी मार्केटात उभा राहिलो पाहिजे, पाहुण्यांसमोर काठी टेकत फिरणार न्हाई, असं तो रोज बोलायचा.

थंडी सरत आली तेव्हा माझा अंगठा मधल्या बोटाच्या पुढे गेला होता. घरी मी भाकरी थापायला लागले होते, वेणी घालायला लागले होते. मुलगा म्हणाला, "झाला की बरा." मी मॅडमला सांगितलं, "सगळे म्हणतात बरा झाला. पण बांगडीचं काय?"

ती म्हणाली, "भाऊ रोज कॅरेट उचलतात ना? मग तुम्ही किती दिवस चिमटे दाबणार? पुढच्या वेळी पेटी घेऊन या. खऱ्या हातावर दाब कसा येतो ते बघू. आधी नुसता हात मिटवायचा, बांगडी मी सांगेन तेव्हा."

पेटी घेऊन गेले. पण खरा हात आणायचा कुठून? मॅडमचा हात लहान आणि लोण्यासारखा मऊ. त्याच्यावरून दोन-चारची, म्हणजे लहान मापाची, बांगडी फुंकर मारली तरी जाईल, त्यात सराव कसला. गुडघ्याच्या व्यायामाला आलेली एक काकू होती. तिला हात मागितला तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नगं बया. तुजा हात अजून कच्चा. फुटली म्हंजे?"

मला तिचा राग नाही आला. बांगडी हातात फुटणं बायकांना सोसत नाही. आम्ही धंद्यातली माणसं तर गिऱ्हाइकासमोर 'फुटली' हा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाही, 'वाढवली' म्हणतो. सधवेच्या हातावर काच तडकली की तिच्या मनात नवऱ्याचंच येतं, मग ती कितीही शिकलेली असो. घरी येऊन मी सुनेला हात मागितला. ती नाही म्हणणारी नाही. दिला. पहिलीच बांगडी हाडावर अडली, मी दाब वाढवला, डाव्यानं ऐन वेळी साथ सोडली आणि बांगडीचे दोन तुकडे झाले. दुसरी चढवली म्हणून हात रिकामा राहिला नाही, पण मुलगा त्या दिवशी माल आणायला पुण्याला गेला होता. सुनेनं संध्याकाळपर्यंत त्याला फोनवर फोन केले. जेवलास का, गाडी हळू चालव, कुठपर्यंत आलास. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. पुन्हा तिचा हात मागायचा नाही, असं मी ठरवलं.

पुढच्या वेळी मी मॅडमला हे सांगत होते. हमाल भिंतीला पाठ लावून त्याचा व्यायाम करत होता. तो तिथूनच म्हणाला, "माझा घ्या."

मला वाटलं चेष्टा करतोय.

"खरंच सांगतो. आमी ते मानत न्हाई. फुटली तर काच फुटली, बाकी काय फुटत न्हाई. आन् आमच्या मंडळीला सांगायची गरज न्हाई."

"भाऊ, पुरुषाच्या हातात बांगड्या? मार्केटात कळलं तर तुम्हाला जगू देतील का?"

"मी काम सोडून घरी बसलोय, तवा तिथं मला रोजच म्हणत्यात, बांगड्या भरल्यात का म्हणून. आता भरूनच टाकू." तो हसला, पण ते बोल त्याला लागलेले होते हे मला दिसलं. मला तर ते बोल नेहमीच लागतात. ज्या वस्तूवर माझं घर चालतं तिला लोक शिवी म्हणून वापरतात.

तो समोर बसला आणि त्यानं हात पुढे केला. काय हात होता तो! रुंद, जाड, दोन्ही बाजूंची हाडं दगडासारखी, तळव्याला घट्टे. मी हातात घेतला आणि बोटांनीच माप सांगितलं, "पावणेतीन." आमच्याकडे आकडे दोन-चार, दोन-आठ असे असतात, पण जुनी माणसं सव्वादोन, अडीच असंच म्हणतात. माझ्या पेटीतली सगळ्यात मोठी बांगडी अडीचची. पावणेतीन कुणी मागतच नाही.

मॅडम म्हणाली, "फक्त हात मिटवा. बांगडी नको." आणि ती खाली डॉक्टरांकडे कशाला तरी गेली.

मी हात मिटवला. डाव्याला कितीतरी महिन्यांनी खरं काम मिळालं होतं. हाडं थोडी आत गेली आणि मला वाटलं, जाईल. अडीचची घेतली. बोटांवरून गेली, हाडांवर येऊन थांबली. मी दाबलं. मनगटातून कळ निघाली ती थेट खांद्यापर्यंत. शहाण्या बाईनं तिथे हात सोडला असता. पण मी धरलेला हात कसा सोडणार? मी आणखी दाबलं, बांगडी कडकन तडकली, त्याच्या अंगठ्यावर रक्ताचा थेंब आला, आणि माझी बोटं आपोआप उघडली. मी सोडला नाही. माझ्या बोटांनी सोडला. दुसरी बांगडी घ्यायला गेले तर डाव्याला चहाचा कपसुद्धा धरवेना.

हात रिकामा राहिला. जन्मात पहिल्यांदा. मी तिथेच डोळ्यांना पदर लावून रडले. दुखतं म्हणून नाही. मला गादीची खुर्ची दिसायला लागली होती.

हमालानं अंगठा तोंडात घातला आणि म्हणाला, "भाभी, हात काय कुठं पळून जात न्हाई. परवा परत बसू."

परवा बसलो नाही. मनगट सुजलं, मॅडमनं मला जे झापलं ते मी इथे लिहीत नाही. सूज उतरेपर्यंत सगळं बंद. पुन्हा कोमट पाण्यापासून सुरुवात. मी रागानं हिरव्या कणकेचे लचके तोडत होते आणि ती शांतपणे म्हणाली, "मावशी, तुम्हाला हात सोडायला जमत नाही, हाच तुमचा आजार आहे. दुखलं की सोडायचं. सोडलं म्हणजे हरलात असं नाही. पुन्हा धरायचं." मग तिनं बाजारातून प्लास्टिकच्या मोठ्या बांगड्या आणल्या. प्लास्टिक फुटत नाही, टोचत नाही. त्याच हमालाच्या हातावर रोज सराव. धर, मिटव, थांब, सोड. पुन्हा धर. सोडायचं शिकायलाच मला सगळ्यात जास्त त्रास झाला.

तो कॅरेट उचलून घामाघूम व्हायचा आणि मग माझ्यासमोर हात देऊन बसायचा. व्यायामाला येणारी इतर माणसं बघून हसायची. तो त्यांना म्हणायचा, "बसा की राव, तुमचा पण नंबर लावतो." हळूहळू मला कळलं की त्याच्या हातावर ताकद लावून उपयोग नाही. तिरकं दाबलं, आधी करंगळीकडचं हाड आत घेतलं आणि मग अंगठ्याकडचं, तर तो दगड मिटतो. मऊ हातांवर मला हे कधी शिकायची गरजच पडली नव्हती. एक दिवस प्लास्टिकची बांगडी त्याच्या मनगटावर गेली. मॅडमनं टाळ्या वाजवल्या. हमाल म्हणाला, "झालं की!" मी म्हटलं, "हे प्लास्टिक आहे. हे हिशेबात धरत नाही आम्ही. तुमचा हात अजून रिकामाच आहे."

त्याच्या आसपास कधीतरी माझा अंगठा करंगळीच्या मुळाला टेकला. मी मॅडमला दाखवलं नाही, आधी स्वतःच खूप वेळ बघत बसले.

टोमॅटो सुरू झाला आणि हमाल यायचा थांबला. जाताना म्हणाला, "पोरीचा चुडा तुमीच भरायचा. सूनबाईनं न्हाई. आमच्यात मुहूर्त-बिहूर्त काय बघत न्हाईत, पण हिरवा चुडा पायजे ही तिच्या आईची हौस हाय."

मी हो म्हणाले आणि घरी येईपर्यंत घाबरून गेले. चुड्याला एक-दोन बांगड्या नसतात, दोन्ही हात गच्च भरायचे असतात. समोर सगळ्या बायका बसलेल्या असतात. तिथे बोटांनी हात सोडला तर पुढे कुठल्याच गावात मला कुणी हात देणार नाही. मुलगा म्हणाला, "अम्मी, कशाला? तुझी सून जाईल." मी म्हटलं, "चुडा नाही भरता आला तर दुसऱ्या दिवसापासून तुझ्या खुर्चीवर बसते. मग मला पुन्हा विचारू नको." असं बोलून बसले खरी. त्या रात्री झोप आली नाही.

पुण्याला माल आणायला मुलगा गेला तेव्हा मी त्याला एक जास्तीची वस्तू सांगितली. कशाला म्हणून त्यानं विचारलं, मी सांगितलं नाही. आली ती कापसात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सुनेला घेऊन निमगाव सावाला गेले. दारात मांडव, आत बायकांची गर्दी, लाऊडस्पीकरवर भीमगीतं. मुलगी पाटावर बसली. मी समोर बसले, पेटी उघडली, तिचा हात हातात घेतला. हात बापाचा होता. मापानं लहान, पण तीच रुंद हाडं, वर टोमॅटो निवडून आलेला राठपणा. आणि तिच्या मैत्रिणी म्हणत होत्या, सैल नको हं, घट्ट भरा, खुळखुळता कामा नये.

दोन-सहाची काढली, अडीचहून एक माप लहान. बोटांवरून गेली, हाडांवर थांबली. मनगटात कळ आली. बायकांचं बोलणं कमी झालं. मागून मला बारीक चुरचुर ऐकू आली. सुनेनं पिशवीतून प्लास्टिक बाहेर काढलं होतं. बिचारी, मला वाचवायला काढलं होतं.

"आत ठेव ते," मी मागे न बघता म्हटलं.

मग मी हात सोडला. सगळ्यांसमोर, रिकामा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "काय झालं गं भाभी?" मी म्हटलं, "काही नाही आजी. दम खाते." डावा दोन-तीनदा उघडला, मिटला, जशी मॅडम करायला लावायची. सासू जिवंत असती तर तिनं तिथेच मला फटका दिला असता. पण सासूचं मनगट कधी मोडलं नव्हतं.

पुन्हा धरला. आधी करंगळीकडचं हाड आत, तिरकं. मग अंगठ्याकडचं. तिच्या बापाच्या हातानं जे मला महिनेच्या महिने शिकवलं होतं ते आपोआप आठवलं. मी तिला विचारलं, "बाप कॅरेट किती उचलतो गं आता?" ती म्हणाली, "लई. आन् ओरडतो पण लई." ती हसली आणि त्या हसण्यात पहिली हिरवी बांगडी मनगटावर गेली. मग दुसरी. मग मला मोजायची गरज राहिली नाही. बायका पुन्हा बोलायला लागल्या, मुलगी सासरचं सांगायला लागली, आणि मी ऐकत भरत गेले. दोन्ही हात गच्च झाले. एकही वाढवावी लागली नाही. मुलगी वाकून पाया पडली तेव्हा मी तिच्या डोक्यावर डावाच हात ठेवला. मनगट ठणकत होतं आणि मला आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं होतं.

पेटी आवरत होते तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून वाट काढत हमाल आत आला. ताठ चालत आला. खांद्यावर टॉवेल, मागे चार-पाच पाहुणे. तो मुलीच्या शेजारी, जमिनीवर मांडी घालून बसला, टॉवेलानं हात पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"भाभी, एक हात रिकामा ऱ्हायलाय."

खोलीत हशा पिकला. मागच्या पाहुण्यांतला एक म्हणाला, "काय राव, बांगड्या भरता का आता?"

"व्हय, भरतोय," हमाल मागे न वळता म्हणाला. "तुमाला पायजे तर मागं नंबर लावा."

मी पेटीच्या तळातून कापूस काढला. त्यात पावणेतीनची हिरवी बांगडी होती, काचेची. सून माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा तिला कळलं ती कुणासाठी मागवली होती. हमालाचा हात हातात घेतला. घट्टे आता जास्त जाड झाले होते, अंगठ्यावर काचेचा जुना बारीक व्रण होता. मला घाई नव्हती. करंगळीकडचं हाड आत घेतलं, तिरकं. कळ आली, मी थांबले, ती जाऊ दिली. मग अंगठ्याकडचं हाड. बांगडी हाडांवर आली, जराशी अडली, आणि पलीकडे गेली.

कुणी हसलं नाही. त्यानं हात वर करून बघितला, पाहुण्यांना दाखवला, आणि रीतीप्रमाणे बांगड्या भरणारीला करायचा तो नमस्कार केला. बांगडी त्याच्या मनगटावर अजिबात खुळखुळत नव्हती.

मग मी त्याचा हात सोडला.